बुजणें आणि अडणें

घोडा आपल्या दारांतून गेला, परंतु आपल्या भाषेंतून अद्याप गेलेला नाहीं. टांगे दिसेनासे झाले, पागा ओस पडल्या, आणि तंग म्हणजे काय असें विचारल्यास कॉलेजांतील तरुणहि बावचळेल. तथापि एखादा मनुष्य आपला हेका सोडीनासा झाला म्हणजे आपण त्यास ‘अडेलतट्टू’ म्हणतों, चारचौघांत मान वर न करणाऱ्या मुलीस ‘बुजरी’ म्हणतों, आणि पांखरें भिवविण्यासाठीं शेतांत उभें केलेलें सोंग तें ‘बुजगावणें’. ज्या मुलुखांत शिलेदार स्वतःच्या घोड्यावर आणि बारगीर सरकारी घोड्यावर आपली भाकरी मिळवीत असे, त्या मुलुखाच्या भाषेंत घोड्याच्या वागणुकीचे बारीक भेद असावेत यांत नवल नाहीं. बुजणें म्हणजे दचकून अंग चोरणें. बिथरणें म्हणजे चित्त ठिकाणावर न राहणें. उधळणें म्हणजे आवरेनासें होऊन धांवत सुटणें. अडणें म्हणजे पुढें पाऊल न घालणें. आणि खोड म्हणजे अंगवळणीं पडलेली वाईट संवय. पहिले तीन शब्द बहुधा भीतीच्या घरचे, शेवटचे दोन हट्टाच्या घरचे. भाषेनें हा निवाडा केव्हांच करून ठेवला आहे. अडचण पडते ती प्रत्यक्ष घोडा समोर उभा राहिला म्हणजे.

एका वाचकांच्या पत्रांत नेमकी हीच अडचण मांडलेली आहे. सुटींत हे गृहस्थ मुलानातवंडांसह एका थंड हवेच्या ठिकाणीं गेले होते. आठ वर्षांच्या नातवास भाड्याच्या घोड्यावर बसविलें. वाटेंत एका दुकानावर घातलेलें निळें प्लास्टिकचें कापड वाऱ्यानें फडफडलें. तोंच घोडा थबकला, मान वर करून फुरफुरला आणि आडवा झाला. ‘नाटकें करतो’ असें म्हणून घोडेवाल्यानें दोन छड्या ओढल्या. घोडा अधिकच मागें सरला. नातू सुखरूप उतरला, परंतु घरीं आल्यावर त्यानें विचारलें, “आजोबा, घोडा घाबरला होता कीं मुद्दाम तसें करत होता?” आजोबांनीं तो प्रश्न माझ्याकडे पाठविला आहे.

प्रश्न आठ वर्षांच्या मुलाचा असला तरी तो पोरकट नाहीं. घोड्याचें थांबणें, आडवें होणें, मागें सरणें, पुढचे पाय उचलून उभें राहणें, दुगाण्या झाडणें, हे सर्व प्रकार भीतीनें होतात आणि भीतीवांचूनहि होतात. बाहेरून कृति एकच. आंतून कारण निराळें. आणि उपाय तर परस्परविरुद्ध. भ्यालेल्या घोड्यास वेळ आणि अंतर द्यावें लागतें. ज्यास काम टाळण्याची संवय लागली आहे त्यास तेंच दिलें तर संवय पक्की होते. उलटपक्षीं, दुसऱ्यास मानवणारा आग्रह पहिल्यावर केला तर जनावर जिवाच्या आकांतानें उधळतें, आणि अशा वेळीं त्याच्या पाठीवर एखादें लहान मूल असूं शकतें. म्हणून निदान आधीं आणि उपाय मागून, हा वैद्याचा क्रम येथेंहि पाळणें हें केवळ भूतदयेचें काम नव्हे. घरच्या मुलाच्या हातापायांचा तो प्रश्न आहे.

ग्रीक सेनानी झेनोफन यानें इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत अश्वारोहणावर एक लहानसा ग्रंथ लिहिला. तो आजहि वाचावयास मिळतो. घोडा एखाद्या वस्तूस भिऊन तिच्याजवळ जाईना तर काय करावें, याचा विचार त्यांत आहे. त्याचें म्हणणें असें कीं, ती वस्तु भयंकर नाहीं हें घोड्यास कळूं द्यावें, आपण स्वतः तिला हात लावून दाखवावा, आणि घोड्यास हळूहळू तिच्याजवळ न्यावें. मारून नेल्यास भीति वाढते, कारण त्या क्षणीं होणारी वेदना त्या वस्तूपासूनच होत आहे अशी घोड्याची समजूत होते. हा युक्तिवाद पत्रांतील प्रसंगास लावून पाहावा. निळें कापड फडफडलें आणि पाठोपाठ छडी बसली. घोडेवाल्याच्या मतें छडीचें कारण घोड्याची अवज्ञा. घोड्याच्या मतें छडीचें कारण निळें कापड. कालपर्यंत तें नुसतें फडफडत होतें, आजपासून तें मारूंहि लागलें. असा घोडा उद्यां त्याच दुकानापाशीं दुप्पट बुजला, तर दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. जें शिकविलें गेलें तेंच तो शिकला.

ग्रीकांकडचीच दुसरी कथा शिकंदराच्या घोड्याची. प्लूटार्कनें ती शिकंदराच्या मृत्यूनंतर सुमारें चारशें वर्षांनीं लिहिली, तेव्हां तींत थोडेंबहुत तिखटमीठ मिसळलें असेल. पण तिच्यांतील मर्म खोटें नाहीं. थेसलीचा एक मनुष्य ब्यूसेफॅलस नांवाचा घोडा राजा फिलिपकडे विकावयास घेऊन आला. किंमत १३ टॅलंट. घोडा कोणासहि पाठीवर बसूं देईना, राजाच्या माणसांच्या अंगावर जाई. तेव्हां असलें अनावर जनावर परत न्यावें असें फिलिपनें फर्माविलें. कोवळ्या वयाच्या शिकंदरानें मात्र एक गोष्ट हेरली: समोर हलणाऱ्या स्वतःच्या सावलीस घोडा बुजत होता. त्यानें लगाम धरून घोड्याचें तोंड सूर्याकडे केलें. सावली मागें गेली. मग थोपटीत थोपटीत त्यास थोडें चालविलें, आणि नंतर तो त्यावर स्वार झाला. हाच घोडा पुढें त्यास झेलमच्या कांठापर्यंत घेऊन आला, इ. स. पूर्वीं ३२६ मध्यें तेथील लढाईच्या सुमारास तो मेला, आणि शिकंदरानें त्याच्या नांवें एक नगर वसविलें. या कथेंत शौर्याचा भाग थोडा आणि निरीक्षणाचा मोठा आहे. बाकीचे सर्वजण घोड्याकडे पाहत होते. घोडा कशाकडे पाहत आहे, हें या एकट्यानें पाहिलें.

आपल्याकडील सुशिक्षितांच्या कानावर ‘दुष्ट अश्व’ हे शब्द पडतात ते बहुधा कठोपनिषदांतून. तेथें शरीर हा रथ, बुद्धि हा सारथि, मन हा लगाम आणि इंद्रियें हे घोडे, अशी योजना आहे. अनावर इंद्रियांस सारथ्याच्या दुष्ट घोड्यांची उपमा दिलेली आहे. यावरून घोडे मूळचेच दुष्ट असतात अशी समजूत करून घेण्यापूर्वीं त्या मंत्राचा अन्वय नीट लावून पाहावा. दुष्ट घोड्यांप्रमाणें अनावर होतात तीं इंद्रियें कोणाचीं? तर ज्यास विवेक नाहीं आणि ज्याचें मन कधींच ठिकाणावर नसतें, त्याचीं. विवेकी पुरुषाचीं तींच इंद्रियें चांगल्या घोड्यांप्रमाणें वश राहतात. म्हणजे घोडे दोन जातींचे नसून सारथि दोन प्रकारचे आहेत, असाच त्या उपमेचा रोख दिसतो. अश्वशास्त्राच्या आपल्या परंपरेंतहि, भलत्या ठिकाणीं ताडन केलेल्या घोड्यास जन्माचे दोष जडतात, असा इशारा आढळतो. चाबूक हातांत असणाऱ्यानें विवेक बाळगावा, ही अपेक्षा कांहीं आजकालची नव्हे.

हा विवेक करावयाचा तर घोड्याचा डोळा प्रथम समजून घेतला पाहिजे. घोडा हा मोकळ्या गवताळ माळावर वाढलेला, दुसऱ्याचें भक्ष्य होणारा प्राणी आहे. लढणें हा त्याचा पहिला उपाय नव्हे, पळणें हा आहे. वाघाचे डोळे समोर असतात, घोड्याचे डोक्याच्या दोन बाजूंस. त्यामुळें मान न वळवितां त्यास जवळजवळ ३५० अंशांचा देखावा दिसतो; दिसत नाहीं ती शेपटामागची अरुंद पट्टी आणि कपाळाच्या अगदीं पुढची थोडी जागा. परंतु या देखाव्याचा बहुतेक भाग एकेकाच डोळ्यानें दिसतो, आणि बारकावा आपल्या दृष्टीहून कमी असतो. हालचाल मात्र तो तत्काळ टिपतो. लखलखीत उजेडांतून अंधारांत शिरतांना त्याच्या डोळ्यास सरावण्यास आपल्याहून अधिक वेळ लागतो. भर दुपारीं तबेल्याच्या दाराशीं घोडा थबकला म्हणजे आपल्याला आंतली गव्हाण दिसत असते, त्यास नुसतें काळें भोंक दिसत असतें. जातांना डाव्या अंगास दिसलेला दगड परततांना उजव्या अंगास आणि दुसऱ्याच आकाराचा दिसतो. तेव्हां ‘मघां याच दगडाजवळून मुकाट गेला, आतां ढोंग करतो’ हा आरोप टिकत नाहीं. टांगेवाले आपल्या घोड्यांच्या डोळ्यांस बाजूंनीं झापडें बांधीत, तीं याच कारणासाठीं. द्वाडपणावर झापडांचा उपाय कोण करील? झापडें बांधणें ही घोड्याच्या भीतीची सरळ कबुलीच होती.

आतां लक्षणें. भ्यालेल्या घोड्याची मान उंच आणि ताठ होते, दोन्ही कान टवकारून एकाच दिशेस रोखले जातात, नाकपुड्या फुलतात आणि नाकांतून जोराचा फुरफुराट निघतो, डोळे विस्फारतात, अंगाचे स्नायु थरथरतात, शेपूट घट्ट दाबलें जातें, घाम सुटतो, वरचेवर पातळ लीद पडते. कित्येकदां डोळ्यांतील पांढरा भाग दिसूं लागतो. परंतु कांहीं घोड्यांचा तो स्वभावतःच दिसत असल्यामुळें एकट्या त्याच लक्षणावर भिस्त ठेवूं नये. स्वस्थ उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटास साधारणतः ३० ते ४० ठोके असते. भीतीनें ती पाहतां पाहतां शंभराच्या वर जाते. जबड्याच्या खालच्या कडेस आंतल्या बाजूनें बोटें लावली असतां ती जाणकारास लागते, आणि नाडीचें नाटक कोणासहि करतां येत नाहीं. परंतु सर्वांत मोठी खूण अशी कीं, भीतीला दिशा असते. कान, नजर आणि नाकपुड्या एका ठिकाणाकडे. आणि अंग, विशेषतः मागचे पाय, त्या ठिकाणापासून दूर. पत्रांतील घोड्याचीं लक्षणें या यादीशीं ताडून पाहिलीं तर निवाडा कठीण नाहीं. घोडा भ्याला होता. आजोबांनीं नातवास तसें निःशंकपणें सांगावें.

संशय उरलाच तर तीन सोप्या कसोट्या आहेत. पहिली अंतराची. घोड्यास त्या जागेपासून वीसपंचवीस पावलें दूर न्यावें. मात्र तबेल्याच्या दिशेनें नव्हे, कारण घराकडे तोंड झालें कीं कामचुकार घोडाहि शांत होतो आणि कसोटी फसते. भलत्याच दिशेस नेऊनहि केवळ अंतर वाढल्यानें मान खालीं आली, श्वास संथ झाला, तर ती भीति समजावी. दुसरी कसोटी सोबतीची. एखादा वयस्क, शांत घोडा त्या वस्तूजवळून पुढें काढावा. भ्यालेला घोडा बहुधा त्याच्या मागोमाग निघतो. तिसरी वेळेची. लगाम जरा सैल ठेवून घोड्यास त्या वस्तूकडे खुशाल पाहूं द्यावें. भ्यालेला घोडा तिच्याकडे टक लावतो, मान लांबवून वास घेतो, एक पाऊल पुढें टाकतो आणि दोन मागें येतो. भय आणि कुतूहल यांची ओढाताण उघड दिसते. ज्यास नुसतें काम नको असतें तो बहुधा तिच्याकडे पाहतहि नाहीं. वाटेच्या कडेचें गवत ओढूं लागतो.

परंतु भीति नसली म्हणजे खोडीच असली पाहिजे, असें मात्र नाहीं; कारण मध्यें आणखी एक पाहुणा असतो, आणि तो म्हणजे दुखणें. घोड्याच्या दाढा जन्मभर वर येत राहतात आणि झिजत राहतात. वरच्या दाढांच्या बाहेरच्या व खालच्या दाढांच्या आंतल्या कडा धारदार होऊन गालास आणि जिभेस कापतात. अशा तोंडांत लगाम ओढला म्हणजे डोकें झटकणारा घोडा उद्धट नव्हे, जखमी असतो. खोगिराखालीं पाठ सोलवटलेली असते, तंग कातडीस चिमटा घेत असतो, खूर दुखत असतो. माझ्या लहानपणीं आमच्या तालुक्याच्या गांवीं टांगे चालत. त्यांतील एक तांबडा घोडा एकाएकीं अडेल म्हणून गांवभर झाला: डांबरी रस्त्यावर चाले, खडीची वाट लागली कीं उभा राही. चाबूक झाला, शिव्या झाल्या. शेवटीं नालबंदानें पाय उचलून पाहिला, तों नव्या नालेचा एक खिळा खुराच्या जिवंत भागास लागून गेलेला. खिळा काढला, चार दिवस विसांवा दिला, आणि तो अडेलपणा पार नाहींसा झाला. भीतीला जशी दिशा असते, तसा दुखण्याला प्रसंग असतो: तंग आवळतांना, खडीवर पाऊल पडतांना, एकाच बाजूस वळतांना. येथें कान टवकारलेले नसून मागें पडलेले असतात. डोळ्याभोंवतालचा भाग आवळलेला, ओठ व हनुवटी ताणलेली, शेपटाचे फटकारे चाललेले. घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची सहा खुणांची एक पद्धति संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केली. आणि स्वार पाठीवर असतां दिसणाऱ्या २४ वर्तनांची दुसरी यादी २०१८ सालीं निघाली, तींतील आठ किंवा अधिक प्रकार दिसले तर घोड्यास हाडास्नायूंचें दुखणें असण्याचा संभव मोठा, असें तिचें सांगणें आहे. त्या यादींतले पुष्कळसे प्रकार पूर्वीं सरसकट ‘खोडी’ म्हणून मोजले जात.

भीति नाहीं, दुखणें नाहीं, आपण काय मागत आहों हेंहि घोड्यास पूर्वीं शिकविलेलें आहे, आणि तरीहि तो ऐकत नाहीं, असें ठरल्यावरच खोड हा शब्द उच्चारावा. खोडीची ओळख अशी कीं, तिला हिशेब असतो. डोळा निवांत, श्वास संथ, कान सैल. आणि प्रकार बहुधा अशा जागीं घडतो जेथें पूर्वीं त्यांत कांहीं तरी लाभ झालेला आहे. तबेल्याकडे फुटणाऱ्या वळणावर घोडा अडला, स्वार कंटाळून घराकडे वळला. दुसऱ्या दिवशीं तो त्याच वळणावर अडणारच. चावावयास येतांच माणूस तोबरा टाकून मागें सरला. दांत दाखविण्याचा उपयोग घोड्यास कळला. म्हणजे खोड ही घोड्याच्या पोटांतील दुष्टाई नसून कोणाकडून तरी घेतलेला धडा असतो, आणि बहुतेक वेळां शिकविणाराला आपण शिकविलें हें ठाऊकहि नसतें. तिच्यावरहि फटका हा उपाय नव्हे. लाभ बंद करावा. शांतपणें तीच मागणी करीत राहावें. आणि घोड्यानें एक पाऊल टाकतांच त्याच क्षणीं ओढ सैल सोडावी. येथें क्षण महत्त्वाचा. वाट संपल्यावर तबेल्यांत दिलेल्या माराचा संबंध घोडा मघांच्या वळणाशीं जोडीत नाहीं. तो तबेल्याशीं आणि मारणाऱ्याशीं जोडतो.

या तिन्हींच्या सीमारेषा नेहमींच स्वच्छ नसतात, हेंहि ध्यानांत असावें. पहिल्या दिवशीं खरोखर भिऊन अडलेल्या घोड्यावरून स्वार उतरला, तर दहाव्या दिवशीं भीति जाऊन अडणें तेवढें उरेल. आणि मूळ खोड असलेल्या घोड्यास वारंवार मारलें तर खोडीवर भीतीचें कलम होईल. म्हणून घोडा आज काय करतो एवढेंच न पाहतां, हें केव्हांपासून, कोणाच्या हातीं आणि कोठें सुरू झालें, हें विचारावें. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाहीं असें आपण म्हणतों; पण ती खोडच आहे कीं नाहीं याची चौकशी करावयास ती म्हण आपल्याला मना करीत नाहीं.

अखेर एक साक्षीदार तपासावयाचा राहतो, तो म्हणजे लगाम धरणारा मनुष्य. १९०४ च्या सुमारास बर्लिन शहरांत हान्स नांवाचा घोडा खुरानें टापा देऊन बेरजावजाबाक्या करतो म्हणून गाजला. त्याचा धनी फॉन ऑस्टेन हा माझ्याच व्यवसायांतला, निवृत्त गणितशिक्षक. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकानें तपास करून १९०७ सालीं दाखवून दिलें कीं, प्रश्न विचारणारास उत्तर ठाऊक नसलें तर घोड्यासहि तें येत नाहीं. बरोबर आंकडा येतांच विचारणाराचें डोकें नकळत किंचित् हलत असे, ती खूण पाहून घोडा थांबे. घोड्यास गणित येत नव्हतें, माणूस वाचतां येत होता. स्वीडनमधील संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून आपल्या विषयास जवळचा आहे. घोडा घेऊन जाणाऱ्या माणसांस त्यांनीं सांगितलें कीं, या खेपेस घोडा जवळून जातांना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाहीं. परंतु माणसाच्या नाडीबरोबर घोड्याचीहि नाडी वाढली. घोडा बुजेल या धास्तीनें आपण लगाम आवळतों, श्वास कोंडतों. घोड्यास वाटतें, ज्याअर्थीं धनी भ्याला त्याअर्थीं पुढें कांहीं तरी आहे खास. मग तो बुजतो, आणि आपण म्हणतों, ‘मला ठाऊकच होतें.’

भरलेल्या घरांत हा विषय घोड्यापुरता राहत नाहीं. अंधाऱ्या माजघरांत एकटा न जाणारा मुलगा, पानावर बसल्यावर रोज पोटांत दुखतें म्हणणारी मुलगी, वर्गांत उभें करतांच मुका होणारा विद्यार्थी. यांना हट्टी, नाटकी, आळशी अशीं नांवें देण्यास घरांत वडीलधारीं माणसें पुष्कळ असतात. यांतील कशास दिशा आहे, कशास प्रसंग आहे आणि कशास हिशेब आहे, हें पाहणारें एखादें माणूस असलें तरी पुरतें. घोड्यास बोलतां येत नाहीं आणि मुलास येतें, एवढा फरक. पण तो भ्यालेल्या क्षणीं फारसा उरत नाहीं.

आतां सुटींत मुलांस घोड्यावर बसविणाऱ्या मंडळींसाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. बसविण्यापूर्वीं दोन मिनिटें घोड्याच्या डाव्या खांद्यापाशीं उभें राहावें. ऐन समोर किंवा मागें नव्हे, कारण तेथें आपण त्यास दिसत नाहीं. घोडेवाल्यास तंग एकदां आवळून दाखवावयास सांगावें. त्या वेळीं घोडा कान पाडून वळून चावूं पाहील किंवा पाय झाडील तर त्याचें कांहीं तरी दुखत आहे असें समजून दुसरा घोडा घ्यावा. तो लंगडतो कीं काय हें चार पावलें चालवून पाहावें. खोगिराच्या कडेस जखम दिसल्यास मूल बसवूंच नये. मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण असावें, आणि त्याच्या रिकिबी त्याच्या पायांच्या मापाच्या असाव्या. खेंकसूं नये, ओरडूं नये, पाठीवर बसून छत्री किंवा रुमाल उडवूं नये, हें त्यास आधींच सांगून ठेवावें. वाटेंत घोडा बुजून थांबला तर घोडेवाल्यास लगाम धरावयास लावून मुलास शांतपणें खालीं उतरवून घ्यावें, घोड्यास त्या वस्तूकडे पाहूं द्यावें, आणि छडी उचलली गेल्यास नम्रपणें पण स्पष्ट शब्दांत नको म्हणावें.

घोडेवाल्यासहि सरसकट निष्ठुर ठरवूं नये. घोड्याचा चारा, नाल आणि स्वतःचें घर त्याच फेऱ्यांवर चालतें. गिऱ्हाइकाची घाई त्याच्या छडींत उतरते. तेव्हां घोडा पांच मिनिटें उभा राहिला म्हणून कुरकुर करूं नये, फेरी अर्धी राहिली तरी ठरलेलें भाडें पुरें द्यावें, आणि पुढच्या खेपेस त्याच माणसास पुन्हां बोलवावें.